चौथं कलम

हिंगणमाळ, ता. इंदापूर
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय जोतीराम,

माझा जयभीम घे. तुझा येळकोट तू मनातल्या मनात म्हणशील, कारण माझ्याशी मोठ्यानं बोलायचं तू सोडलं आहेस. दसरा झाल्यावर निघालास ते माझ्या दारावरून न जाता कॅनॉलच्या कडेनं गेलास. दोनशे मेंढरं, तीन घोडी आणि सात कोंबड्या गुपचूप नेता येत नाहीत, मित्रा. सबंध गावानं पाहिलं.

पत्र जेजुरीच्या तुझ्या नेहमीच्या किराणा दुकानावर पाठवतो आहे. बातमी मोठी आहे, म्हणून आधी तीच सांगतो. तुझी मनिषा ग्रामपंचायतीला उभी राहते आहे. पाकीट फाडायचं असेल तर पुढचं वाचून फाड. वाचलेलं पत्रही तितकंच चांगलं फाटतं.

तुझी बाजू मला पाठ आहे, हे आधी सिद्ध करतो. लेकीला बारामतीला बी.एस्सी.ला धाडलंस. ती परत आली ती पृथ्वी तापते आहे अशी वार्ता घेऊन. तिनं पत्र्यावर पर्जन्यमापक आणि तापमापक बसवला. पळसदेवपासून निरवांगीपर्यंत सायकल मारत शाळाशाळांतून झाडं लावा म्हणत फिरली. मग आपल्या ग्रामसभेत ठराव आणला की गावच्या माळावर चराईबंदी करायची आणि अडीचशे एकरांत बारा हजार खड्डे घेऊन बारा हजार रोपं लावायची. तू उठून म्हणालास, "गवत म्हंजे काय रिकामी जागा हाय व्हय?" लोक हसले. आणि व्यासपीठावरून तुझी लेक म्हणाली, "आबा, तुमी खाली बसा."

तू बसलास. पण औंदाच्या जूनमध्ये कोकणातून परतताना तुझी मेंढरं माळावरून चालली, तर पंचायतीच्या माणसांनी ती हाकून कोंडवाड्यात घातली. पावतीवर माळ-समितीची चिटणीस म्हणून सही मनिषाची होती. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. आणि ठराव मी लिहिला म्हणून माझ्याशीही नाही. ठराव मी लिहिला, हे कबूल. पण भाषा तेवढी माझी, चारही कलमं तिची.

आता नवीन ऐक. या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव आहे. त्यामुळे आपल्या सरपंचांना अशी एक बाई हवी आहे जी खुर्चीत बसेल आणि उठायचं कधी ते त्यांना विचारेल. ते परवा मनिषाकडं आले. म्हणाले, पोरी, तू शिकलेली, तुझं नाव चांगलं, आमच्या पॅनेलमधून उभी राहा. तिनं चहा दिला आणि पहिल्या बैठकीत काय काय मंजूर करायचंय ते दाखवा म्हणाली. त्यांना वाटलं, पोरगी कामाची आहे. कागद दाखवला.

कागदात होतं ते असं. आपला माळ खडी-क्रशरला द्यायचा, आणि त्याला पंचायतीनं ना-हरकत द्यायची. कारण काय, तर 'सदर क्षेत्र गेली दोन वर्षे चराईच्या वापरात नाही.'

मनिषा माझ्याकडं आली तेव्हा सायकलीला स्टँड लावायचंही तिला सुचलं नव्हतं. सायकल तुळशीत पडली. म्हणाली, "रवीकाका, मी नुसतं आबांना हाकललं न्हाय. मी माळ मोकळा करून दिला ह्यांना." पाणी प्याली आणि दुसऱ्या श्वासात म्हणाली, "मी उभी राहणार. त्यांच्याकडनं न्हाय. त्यांच्या समोर."

जोतीराम, मी सत्तावीस वर्षं बावड्याच्या हायस्कुलात मुलांना विभक्ती शिकवतो आहे. इतकं उल्हसित मला यापूर्वी एकदाच वाटलं होतं, तेव्हा तपासनीस रजेवर गेला होता.

तिचा वॉर्ड तीन नंबरचा, म्हणजे तुमची वस्ती. आणि तुम्ही अकरा मतदार मेंढरांमागं कोकणाच्या वाटेवर. एवढंच कळवायचं होतं.

तुझा
रवींद्र

१५ डिसेंबर १९९६

प्रिय जोतीराम,

उत्तर नाही. जेजुरीच्या दुकानदाराचा जबाब मात्र आला. पत्र तुझ्या हाती दिलं, तू ते पागोट्यात खोचलंस आणि काही बोलला नाहीस. म्हणजे फाडलं नाहीस. माणसानं थोडक्यात समाधान मानावं.

मनिषानं पहिलं काम काय केलं असेल? मतदार मोजले नाहीत, झाडं मोजली. दोन दिवस वही घेऊन माळ पायाखाली घातला. बारा हजारांतली जिवंत तीनशे अकरा. आणि खड्डे घेताना जिथं गवत खरवडलं होतं, तिथं आता मुरूम उघडा पडलाय. तिच्या वहीप्रमाणं पाऊस वर्षाला पडतो तेवढाच, पण पडण्याचे दिवस कमी होत चाललेत. म्हणजे येतो तो एकदम येतो. गवत असतं तर त्यानं धरला असता. आता माती घेऊन नीरेला जातो.

मी तिला म्हटलं, हे निवडणुकीआधी बोलू नये. एक पत्रक लिहून दिलं, 'काही तांत्रिक अडचणींमुळे वृक्षारोपणास अपेक्षित यश लाभले नाही' वगैरे. माझ्या मते वाक्य सुरेख होतं. तिनं वाचलं आणि त्याच कागदात शेंगदाणे बांधून मलाच दिले.

मग रविवारी वस्तीवर खंडोबाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, चूक माझी. गवताला मी रिकामी जागा समजले. आबा खरं बोलत होते.

दगडाबाई उठली. तुझी चुलती कशी उठते ते तुला माहीत आहे, आधी काठी उठते, मग ती. म्हणाली, "आता कळलं व्हय? कोंडवाड्यात मेंढरं दिसभर वरडत हुती, तवा कुठं हुतीस?"

मनिषा म्हणाली, "घरातच हुते आजी. आईकत हुते."

"मग?"

"मग काय न्हाय. आईकत हुते."

ह्यावर दगडाबाईनं तिला सोडून दिलं असेल असं वाटलं असेल तुला. नाही. तुमच्यातली रीत तिनं काढली. जो माळाचा नेम मोडतो, त्याची मेंढरं पाण्यावर शेवटी. मनिषाकडं मेंढरं नाहीत, म्हणून दगडाबाईनं स्वतःची बावीस तिच्या हवाली केली. आठ दिवस चारायची आणि रोज पाण्याच्या डोणीवर सगळ्यांची गुरं, शेळ्या पिऊन झाल्यावर शेवटी पाजायची. तहानलेली मेंढरं अडवून धरणं म्हणजे काय, ते तुला मी सांगावं असं नाही. पहिल्या दिवशी ती मेंढरांबरोबर रडली. तिसऱ्या दिवशी मेंढरं तिचं ऐकायला लागली. आठव्या दिवशी ती पवना, मारवेल, कुसळी, डोंगरी अशी गवतं डोळे मिटून, हातानं ओळखायला लागली होती. वहीत लिहिलंय तिनं, कुठलं कधी फुटतं, कुठलं बी कधी टाकतं.

आम्हा संस्कृतवाल्यांनी कुणालाही क्षुद्र म्हणायचं तर हजार वर्षं 'तृणवत्' म्हटलं. त्यातल्या एकानंही मेंढरं राखली नसावीत.

किं बहुना, आता वस्तीतल्या बायका तिच्याबरोबर प्रचाराला निघतात. दगडाबाई पुढं असते. तिला प्रचार म्हणजे काय ते माहीत नाही, ती घरोघर जाऊन भांडते. परिणाम सारखाच.

तुझा
रवींद्र

१९ जानेवारी १९९७

प्रिय जोतीराम,

हे पत्र महाडला. आता तू घाट उतरला असशील.

चिन्हं मिळाली. मनिषाला छत्री. आपण पर्जन्यछायेत राहतो, हा भूगोल बहुधा तहसील कचेरीत शिकवत नसावेत. तिला वाईट वाटलं नाही. म्हणाली, उन्हासाठी बी छत्रीच लागती की. तुझ्या धाकट्या भावानं, दादासोनं, उसाच्या ट्रॉलीवर बाजारातली एक मोठी काळी छत्री बांधली आहे आणि कारखान्याला जाताना वाटेवरचं प्रत्येक गाव तो तिचा प्रचार करत जातो. त्यातल्या एकाही गावात तिला मत नाही. पण उत्साह आहे.

समोर सरपंचांनी त्यांची भावजय सारजाबाई उभी केली आहे. अर्जावर सही करेपर्यंत तिला वाटत होतं की हा गॅसच्या कनेक्शनचा फॉर्म आहे. परवा ती मनिषाकडं आली आणि विचारू लागली, "आगं, निवडून आलं की रोज जावं लागतं का? माझ्या म्हशीचं काय?" मनिषानं तिला पंचायतीची सगळी कामं समजावून सांगितली, चहा दिला. तासभर दोघी उमेदवार चुलीपाशी बसल्या होत्या. मी लुना लावून ओट्यावर बसलो होतो, मला कुणी चहा दिला नाही.

पॅनेल झालंय. नऊ जागा, नऊ माणसं. आमच्या बुद्धविहारात बैठक झाली, खंडोबाच्या अंगणात झाली, माळी आळीत झाली. मनिषा भाषण करत नाही. वही उघडते आणि वाचते. अमक्या साली पाऊस किती दिवस, तमक्या विहिरीचं पाणी किती हात. म्हातारी माणसं मान डोलावतात, कारण त्यांना हे ठाऊक असतं आणि कुणी लिहून ठेवलेलं नसतं. जग तापतंय हे ती शेवटी सांगते, आणि तेही असं सांगते की जणू शेजारच्या घरात ताप आहे, आपल्याकडं यायच्या आत काळजी घ्यायची. जोतीराम, मला फार मौज वाटते आहे. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस भिंती रंगवतो आहे. छत्रीची दांडी मला छान जमते.

सरपंचांच्या माणसांनी मात्र एकच गोष्ट धरली आहे. सभेत मागून कुणीतरी ओरडतं, "बापाला कोंडवाड्यात घातलं, गावाला कुठं घालनार?" मनिषा वही मिटते, पुन्हा उघडते आणि पुढं वाचते. काल तीन सभांत तीनदा झालं.

बाकी उद्या लिहितो.

रवींद्र

२० जानेवारी १९९७

जोतीराम,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत आलो. त्यात लिहायचं ते लिहिलं नव्हतं.

ठरावाची चारही कलमं तिची, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. तीन तिची. माळ बंद करणं, खड्डे घेणं, रोपं राखणं. चौथं माझं. 'नियमभंग करणाऱ्याची जनावरे कोंडवाड्यात दाखल करावीत.' हे तिनं सांगितलं नव्हतं. मी मसुदा वाचून पाहिला तर तीन कलमांवर ठराव लंगडा वाटला. शेवट नीट बसेना. मी चौथं घातलं आणि मग तो कानाला बरा लागला.

मनिषानं वाचल्यावर लगेच म्हटलं होतं, "कोंडवाडा नको काका. आबा येत्यात त्या वाटेनं." मी म्हटलं, दंडावाचून नियम म्हणजे काठावाचून नदी. वाक्य माझंच. तिला आवडलं. तिनं मला गुरू मानलंय, त्यामुळे माझी वाक्यं तिला आवडतात. मेंढरं कोंडली तेव्हा पावतीवर सही करायला तिचा हात उठत नव्हता. पंचायतीच्या माणसांनी ठराव पुढं केला. माझंच अक्षर. तिनं सही केली.

आज सात महिने ती तुझा अबोला सोसते आहे, आणि वर गावाची बोलणी खाते आहे. एकदाही तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

शाळेत पाण्याच्या माठापाशी मला सगळ्यांच्या शेवटी उभं करायचे, आठवतं? तुझी पाळी बरीच आधी असायची, तरी तू रोज माझ्या मागं येऊन उभा राहायचास, म्हणजे शेवटचा मी नसे. गुरुजींनी विचारलं तर म्हणायचास, "मला तहान उशिरा लागती." त्या माणसाची मेंढरं मी वाक्याच्या तोलासाठी कोंडली.

आज सभेत हे सांगितलं. माईकवर, सगळ्यांसमोर. मनिषा मात्र माझ्यावर चिडली, म्हणाली, "काका, माझी सही माझीच हाय. ती तुमी घिऊ नका." तर आता दोघांचीही ती चूक. तुला कुणावर रागवायचं ते तू ठरव. पण एकटीवर नको.

रवींद्र

१२ फेब्रुवारी १९९७

जोतीराम,

तुझं कार्ड मिळालं. मजकूर 'मतदान कवा हाय' एवढाच. तीन शब्द आणि खाली सहीचं वळण. मी ते अकरा वेळा वाचलं. हायस्कुलात नेऊन दाखवलं. मुख्याध्यापकांना वाटलं मला बढतीचं पत्र आलं.

मतदान रविवार, २३ फेब्रुवारी. तुम्ही अकराजण यायचं तर महाडहून शनिवारी पहाटेची पुण्याची गाडी, तिथून बारामती, बारामतीहून मुक्कामाची. मेंढरांचं मी विचारणार नव्हतो, पण दगडाबाईनं विचारायला सांगितलंय. गेणबा एकटा सगळ्यांची राखील काय? तो फलटणकडचा, त्याचं मत इथं नाही, आणि कुत्री पाच आहेत, असं ती म्हणते.

बानूवहिनींना सांग, त्यांची लेक बरी आहे. वाळली आहे, पण उन्हानं वाळली आहे, काळजीनं नाही. कार्ड मी तिला दाखवलं. तिनं कार्ड घेतलं, पावसाच्या वहीत ठेवलं.

रवींद्र

२५ फेब्रुवारी १९९७

प्रिय जोतीराम,

तू स्वतः होतास, तरी लिहितो. तू सहाच्या गाडीत चढलास आणि मागं वळून पाहिलं नाहीस, त्यामुळे तुला अर्धंच माहीत आहे.

आधी तू पाहिलेलं, म्हणजे माझ्या बाजूनं कसं दिसलं ते कळेल. पाच वाजता मतदान संपलं. तुम्ही अकराजण, बोटांना शाई, पारावर बसलेले. बानूवहिनी मनिषाच्या केसांना तेल लावत होत्या. भर गावात, उमेदवाराला. सगळं गाव जमलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, मनिषाताई, दोन शब्द बोला. ती उठली. तुझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, तुमी बोला. मी बसते."

आणि खाली मातीत बसली.

तू पागोटं नीट केलंस आणि म्हणालास, "माळाचं तीन वाटं हायती. दर पावसाळ्याला एक वाटा सोडायचा. बी पडंपातूर तितं मेंढराचा पाय न्हाय. पुढल्या साली दुसरा. हे आमच्या बापजाद्यांपासनं हाय. तुमी लिवून घेतलं न्हाय, येवढंच."

मी तिथल्या तिथं गार झालो. चराईबंदीच ती, जोतीराम. आमच्याहून शहाणी, पण चराईबंदीच. आम्ही जे दोन वर्षं व्यासपीठावरून ओरडत होतो ते तुमच्यात तीनशे वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

दादासोनं विचारलं, "आन् मोडलं तर? कोंडवाडा?"

"कोंडवाडा न्हाय. त्याची मेंढरं पाण्यावर शेवटी." आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "मास्तर, लिवून घे. चौथं बी लिव."

आठ महिन्यांनी माझ्याशी बोललेलं तुझं हे पहिलं वाक्य. गाडी आली. मनिषानं छत्री उघडली होती, मतदान संपल्यावरच, नियमाप्रमाणं. तिच्या डोक्यावर हातबित ठेवणाऱ्यातला तू नव्हेस. छत्रीकडं बघितलंस, म्हणालास, "बरी हाय. उन्हाची." आणि चढलास.

आता तू न पाहिलेलं. गाडी वळणाआड गेली तशी ती पळत घरी गेली. मला वाटलं, रडायला. मागं जाऊन पाहिलं तर शिडीवरून पत्र्यावर चढलेली, पारा बघून वहीत लिहीत होती. सहाची नोंद चुकू नये म्हणून. रडत होती ती नोंद झाल्यावर.

काल इंदापूरला मोजणी झाली. तुझी लेक नऊ मतांनी निवडून आली. तुम्ही अकरा आला नसता तर दोन मतांनी पडली असती. पॅनेलच्या नवांपैकी पाच आले. म्हणजे सरपंच तीच होणार, येत्या आठवड्यात. निकाल लागल्या लागल्या सारजाबाई तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "देवा, सुटले. मी बी तुलाच दिलं गं." दादासोनं ट्रॉलीवरून गुलाल उधळला तो उसावर पडला. कारखान्यानं आज लाल ऊस गाळला असेल.

पहिल्या बैठकीचा ठराव मनिषानं स्वतः लिहिला. माझ्याकडं फक्त शुद्धलेखनाला आणला. पहिलं कलम, जुनी चराईबंदी रद्द. दुसरं, माळ चराईच्या वापरात आहे, तो क्रशरला किंवा कुणालाही देऊ नये, आणि खाली वापरणाऱ्यांची नावं, पहिलं तुझं. तिसरं, तुझे तीन वाटे. एकही शब्द मी बदलला नाही. हात शिवशिवत होते, पण बदलला नाही. चौथं तुझंच, तुझ्याच शब्दांत: 'नेम मोडणाऱ्याची मेंढरे पाण्यावर शेवटी.' लंगडं वाटत नाही. कानाला फार बरं लागतं.

आता एक राहिलं. नेम मोडणाऱ्यांत पहिला मी. दगडाबाई हे विसरलेली नाही. काल तिनं मला सांगून ठेवलंय की मास्तर, जूनमधी जोतीरामाची मेंढरं आली की आठ दिवस डोणीवर तुमी. माझ्याकडं मेंढरं नाहीत, तर तुझीच मी पाजायची, सगळ्यांच्या शेवटी. मी हो म्हटलंय. सुट्टीच आहे.

तर ये. पाऊस लागायच्या आत, आणि या खेपेला माझ्या दारावरून ये. डोणीवर मी शेवटी उभा असेन. फक्त एक विनंती आहे. तहान उशिरा लागते असं सांगून माझ्या मागं येऊन उभा राहू नकोस.

राहशीलच, म्हणा.

तुझा
रवी